एल्क-हरणाच्या शिकारीसाठी बुलेट कशी निवडायची : आमच्या मराठी गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत रायफल सीझन जवळ आला की आमच्या दुकानात मराठी बोलणारी बरीच मंडळी येतात, कोणी डेन्व्हरहून, कोणी टेक्सासहून गाडी मारत, आणि निम्म्या लोकांची मागणी तीच असते की "पाचशे यार्डांवर एल्क पडेल अशी बुलेट द्या". अशी बुलेट आहे, नाही असं नाही, पण तीच बुलेट चाळीस यार्डांवर झाडीतून एल्क बाहेर आला तर कशी वागेल हे कोणी विचारत नाही, आणि इथल्या जंगलात चाळीस यार्डांवर एल्क भेटणं काही नवलाचं नाही. काउंटरवर घाईत सगळं सांगून होत नाही म्हणून हे लिहून ठेवलंय, सावकाश वाचा.

एक आधीच सांगतो, खाली जिथे काडतूस म्हटलंय तिथे अख्खा राउंड समजायचा आणि बुलेट म्हटलंय तिथे फक्त पुढचा तुकडा, जो नळीतून बाहेर जातो तो. डब्यावर १५०, १६५, १८० ग्रेन लिहिलेलं असतं ते त्या पुढच्या तुकड्याचं वजन, बारुदाचं नाही (हा गोंधळ फार लोकांचा होतो). ७००० ग्रेनचा एक पौंड. आपल्या लोकांना लक्षात ठेवायला सोपं म्हणजे इंग्रजांच्या काळात ठरलेला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे १८० ग्रेनची बुलेट घेतली की एक तोळा वजन उडवताय.

आधी कायदा, थोडक्यात

कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी रायफल सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसून पेटणारी) पाहिजे, कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास इंचात, निदान .२४, बुलेट फुलणारीच पाहिजे, हरीण, प्राँगहॉर्न (काळविटासारखं दिसणारं जनावर) आणि अस्वलासाठी कमीत कमी ७० ग्रेन, एल्क आणि मूससाठी (एल्कपेक्षाही मोठं हरीण) ८५ ग्रेन, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड (धडकेच्या जोराचं माप) एनर्जी असली पाहिजे. राज्याचं ब्रोशर दरवर्षी नव्याने निघतं, ते स्वतः वाचायचंच, आमच्या पत्रकावर विसंबू नका.

फुलणारी म्हणजे आत शिरल्यावर पुढून पसरणारी. गंमत बघा, या प्रकाराला जगभर ज्या नावाने ओळखतात ते दमदम कलकत्त्याजवळचं. तिथल्या कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्लेने मऊ टोकाची बुलेट काढली आणि १८९९ ला हेगमध्ये अशा बुलेट युद्धात वापरायला बंदी झाली. शिकारीत नेमकं उलट. मिलिटरी टाइपची, पूर्ण तांब्याच्या कवचातली बुलेट जनावरातून सुईसारखी आरपार जाते, जखम बारीक, आणि जनावर मैलभर जाऊन तडफडून मरतं. म्हणून स्वस्तातली फुल मेटल जॅकेटची पेटी घेऊन "यावरच भागवू" असं करू नका, ती कागदावर मारायला ठीक.

व्हिसावाल्यांसाठी महत्त्वाचं : एच-१बी वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतुसं जवळ बाळगायलाही मनाई आहे, पण इथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सवलत मिळते. लायसन्स संपलं की सवलतही संपली. त्यामुळे लायसन्स दाखवल्याशिवाय आम्ही डबा देणार नाही, कितीही ओळख असली तरी, राग मानू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत हंटर एज्युकेशन कोर्सही लागतो, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांनाच.

अंतर नाही, पोचतानाची स्पीड

आमचं म्हणणं एवढंच आहे की बुलेटला अंतर कळत नाही, तिला कळते ती जनावराला लागताना असलेली स्पीड. नळीतून निघतानाची स्पीड डब्यावर मोठ्या अक्षरात छापतात कारण तो आकडा दिसायला चांगला. कामाचा आकडा डब्याच्या मागे किंवा कंपनीच्या तक्त्यात, बारीक अक्षरात असतो.

साध्या .३०८ विंचेस्टरचं (हे काडतुसाचं नाव) उदाहरण घ्या, १६५ ग्रेन, निघताना २७०० फूट पर सेकंद. ३०० यार्डांवर ती साधारण २१५० वर येते, ४०० वर दोन हजारच्या जरा खाली, ५०० वर १८०० च्या आसपास. आता बहुतेक शिकारी बुलेटना नीट फुलायला १८०० च्या वर स्पीड लागते, काहींना दोन हजार लागते, लांबच्या अंतरासाठी बनवलेल्या काही १६०० वर पण फुलतात. म्हणजे ५०० यार्डांवर तुमची .३०८ अगदी कडेवर उभी आहे, फुलली तर फुलली, नाहीतर मघाशी सांगितलं तशी सुईसारखी आरपार. एनर्जीचं बघायचं तर शिकारी लोक एल्कला १५०० आणि हरणाला १००० फूट-पौंड धरतात, हा काही विज्ञानाचा नियम नाही, अनुभवाचा ठोकताळा आहे, पण वाईट नाही, आणि त्या हिशेबाने ही बुलेट एल्कला पावणेचारशे यार्डांपर्यंत, त्यापुढे नाही.

आता ६.५ क्रीडमूर हे दुसरं काडतूस घ्या, हिला "पोरांची रायफल" म्हणून हसणारे आमच्याकडे पण येतात. १४३ ग्रेनची हॉर्नडी कंपनीची ईएलडी-एक्स बुलेट, निघताना तेवढीच २७०० स्पीड, एनर्जी मात्र २३१५, म्हणजे .३०८ पेक्षा साडेतीनशेने कमी. पण आकार लांब-निमुळता असल्यामुळे हवा तिला कमी अडवते (यालाच बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात, तो आकडा जितका मोठा तितकं बरं), त्यामुळे ४०० यार्डांवर दोघींची एनर्जी जवळजवळ सारखी होते आणि ५०० वर क्रीडमूर अजून दोन हजारच्या वर असते. हलकी बुलेट पुढे निघून जाते ती अशी. याचा अर्थ .३०८ विकून टाका असा नाही, तीनशेच्या आत दोन्हीत काही फरक पडत नाही, एल्कला तर नाहीच नाही.

जवळचं संकट उलटं असतं

.३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त बारुदाचं, जोरदार काडतूस) १८० ग्रेनला २९०० च्या वर काढते. पन्नास यार्डांवर साधी मऊ बुलेट या स्पीडने एल्कच्या खांद्याच्या हाडावर आपटली की तिचा चुरा होतो, वरवर मोठी जखम दिसते, आत फुप्फुसापर्यंत काही पोचत नाही. हे जुनं दुखणं आहे. १९४६ मध्ये जॉन नोस्लर नावाचा माणूस ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता, मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, आणि त्याच्या बुलेट आत शिरायच्या आधीच फुटत होत्या. घरी येऊन त्याने मधे तांब्याची आडवी भिंत असलेली बुलेट बनवली, पुढचा भाग फुलतो, मागचा तसाच राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती नोस्लर पार्टिशन नावाने विकली जाते आणि आजही आमच्या कपाटात आहे. जंगल दाट, मॅग्नम रायफल, अंतर कितीही असू शकतं असा मामला असेल तर आम्ही अजून तीच पुढे करतो, फॅशन गेली असली तरी.

आमच्या कपाटात काय काय आहे

साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं कवच, रेमिंग्टन कोअर-लोक्ट वगैरे, ती १९३९ पासून आहे. स्वस्त, आणि हरणासाठी अडीचशे यार्डांच्या आत हिच्यात काही खोट काढता येत नाही, लोक उगाच नाकं मुरडतात. बाँडेड म्हणजे कवच आणि शिसं एकमेकांना पक्कं जोडलेलं, अ‍ॅक्युबाँडसारखी, फुटत नाही, वजन टिकवते, जवळ आणि लांब दोन्हीकडे बऱ्यापैकी, कोणाला एकच डबा घ्यायचा असेल तर आम्ही हीच सुचवतो.

पूर्ण तांब्याच्या बुलेटवर थोडं जास्त लिहावं लागेल कारण प्रश्न तिच्याबद्दलच जास्त येतात. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये एक्स बुलेट आणली, पुढे टीएसएक्स, टीटीएसएक्स. पाकळ्यांसारखी उघडते, वजन जवळपास सगळं टिकवते, त्यामुळे खोल जाते, एल्कच्या दोन्ही खांद्यांतून जायची ताकद असते. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते आणि तिला नळीचा पीळ (बुलेटला गरगर फिरवणाऱ्या नळीतल्या खाचांचं वळण) जास्त लागतो. .२४३ मध्ये एक इन टेन पीळ (दहा इंचांत एक वळण) असेल तर जड तांब्याची बुलेट हवेत डगमगू शकते. उपाय सोपा, एक पायरी हलकी घ्या, .३०८ मध्ये १६५ च्या जागी १५०, खोल जाण्यात काही कमी पडत नाही. दुसरं, तांब्याला फुलायला स्पीड लागते, त्यामुळे खूप लांबच्या अंतराला ती कच्ची पडते, लाँग रेंजसाठी मुद्दाम बनवलेली सोडून.

कॅलिफोर्नियात शिकारीला जाणाऱ्यांना पर्यायच नाही. १ जुलै २०१९ पासून तिथे कुठल्याही शिकारीला शिशाची बुलेट चालत नाही, मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन काँडोर गिधाडं मरत होती म्हणून. इथे कोलोरॅडोत तशी सक्ती नाही, पण घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर मांसाचा विचार करा. शिशाची बुलेट फुटली की डोळ्याला दिसणार नाहीत असे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, २००८ मध्ये नॉर्थ डकोटात फूड पँट्रींना (गरजूंना फुकट अन्न देणारी केंद्रं) दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने फेकून द्यायला सांगितलं होतं. आम्ही घरी एल्कचं सुकं करतो ते तांब्याच्या बुलेटने मारलेल्याचंच, ही आमची आवड, सल्ला समजा नाहीतर समजू नका. शिशाची वापरलीत तर जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हाताने कापून टाका, तिथे काटकसर नको.

मॅच बुलेट, म्हणजे टार्गेटवर मारायच्या, सिएरा मॅचकिंगसारख्या, शिकारीला नेऊ नका. एका जागी पाच भोकं पडतात म्हणून मोह होतो, पण बनवणारेच त्या शिकारीसाठी नाहीत म्हणून सांगतात, कधी फुलते कधी नाही, भरवसा नाही.

जुनी लिव्हर अ‍ॅक्शन (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची) .३०-३० कोणाकडे असेल तर तिचं वेगळं. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडातली पेट घेणारी टिकली) टेकलेलं, त्यामुळे टोकदार बुलेट अजिबात नको, धक्क्याने आतच उडेल. चपट्या टोकाची घ्या, नाहीतर हॉर्नडीची रबरासारख्या मऊ टोकाची. आणि दोनशे यार्डांवर चपट्या टोकाच्या बुलेटची एनर्जी हजारच्या खाली जाते म्हणून दीडशेच्या आतच थांबा, तेही हरणावर.

.२४३ ने एल्क मारणं कायद्यात बसतं, आम्ही मात्र त्यासाठी डबा देताना कुरकुर करणार.

पाचशे यार्डांचं काय मग

दोनशे यार्डांवर झीरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम बरोबर जुळवलेली) .३०८ तीनशेला साधारण ९ इंच खाली जाते, चारशेला दोन फूट, पाचशेला चार फूट. हे सगळं मोजता येतं, रेंजफाइंडर आणि मोबाईलमधलं अ‍ॅप सांगतं. डोंगरात हवा विरळ असते म्हणून ह्यूस्टनला झीरो करून आलेल्यांची बुलेट इथे नऊ हजार फुटांवर लांब अंतराला थोडी वर लागते, तेही अ‍ॅप सांगतं. वारा मात्र कोणी सांगत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशेवर बुलेटला ७ इंच ढकलतो, पाचशेवर २० इंच, आणि तुमच्याकडचा वारा आणि दरीपलीकडचा वारा एक नसतो. वीस इंच म्हणजे फुप्फुसाच्या जागी पोट. त्यातून पाचशे यार्ड जायला बुलेटला पाऊण सेकंदाच्या जरा आत वेळ लागतो, तेवढ्यात एल्कने एक पाऊल टाकलं की झालं.

म्हणून बुलेट निवडायच्या आधी स्वतःचं अंतर ठरवा. जेवणाची कागदी प्लेट लावा, बेंचवर नाही, बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, जसं डोंगरात माराल तसं, आणि पाचच्या पाच प्लेटमध्ये जातात ते शेवटचं अंतर तुमचं. बहुतेकांचं ते दोनशे-अडीचशेच्या मधे निघतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडीचशेच्या आतच मारायचं ठरलं की लांब अंतराची महागडी बुलेट लागतच नाही, उलट जवळ न फुटणारी बाँडेड किंवा तांब्याची लागते, म्हणजे प्रश्नच बदलला. ज्यांचं खरोखर चारशे-साडेचारशे निघतं त्यांनी ईएलडी-एक्स किंवा अ‍ॅक्युबाँड लाँग रेंजसारखी कमी स्पीडला फुलणारी घ्यावी, आणि मग जवळ एल्क आला तर खांद्याचं हाड टाळून खांद्यामागे मारावं, कारण याच मऊ बुलेट जवळ जास्त फुटतात. दोन्हीकडे शंभर टक्के चालणारी बुलेट आमच्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

ठरलेल्या बुलेटचे निदान दोन डबे एकाच लॉटचे (कारखान्यात एकाच खेपेत बनलेले) घ्या, एक झीरो आणि सरावाला, एक शिकारीला. सराव स्वस्त बुलेटने आणि शिकार महागड्या बुलेटने असं केलंत तर दोघी वेगवेगळ्या जागी लागतात, कधी कधी शंभर यार्डांवरच तीन-चार इंचांचा फरक. शिशावरून तांब्यावर जाताना नळी नीट साफ करून मग झीरो करा.

दुकानात येताना रायफलचं कॅलिबर आणि नळीचा पीळ (नळीवरच कोरलेला असतो बहुतेक), प्लेटवरचं तुमचं अंतर आणि कुठल्या जनावराचं लायसन्स आहे एवढं घेऊन या, दहा मिनिटांत डबा हातात देतो.

आणि शिकारीची सॅक घेऊन भारतात सुट्टीला जाऊ नका. तळाच्या कप्प्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली केस होऊ शकते, विसरलो होतो म्हणून लगेच सुटका होत नाही. सॅक वेगळीच ठेवा, गॅरेजमध्ये, खिसे उलटे करून.