मधमाशीला वाईट वाटतं का?

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. कृष्णेच्या कडेनं खाली सांगलीकडे आलं, की अनेक जैन घरांत मात्र मध वर्ज्य. जैनांच्या तत्त्वार्थसूत्र या ग्रंथात इंद्रियांवरून जिवांची उतरंड लावली आहे: कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. मधमाशी भुंग्याच्या पंगतीतली. म्हणजे तिला दुखवायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. प्रयोगशाळेनं तो बऱ्याच उशिरा हाती घेतला. तिळाएवढा मेंदू, त्यात जेमतेम दहा लाख चेतापेशी. त्याला कसलं आलंय सुखदुःख, असं धरून चालायचं.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली मधमाश्यांना दोन वास शिकवले. एका वासापाठोपाठ साखरपाणी मिळायचं, दुसऱ्यापाठोपाठ कडूजहर क्विनाइन. मग काही माश्यांना मिनिटभर गदागदा हलवलं, एखाद्या जनावरानं पोळं ओरबाडावं तसं. नंतर दोन्ही वासांचं मिश्रण त्यांच्यापुढे धरलं. हलवलेल्या माश्या सोंड बाहेर काढायला जास्त कचरल्या. गोड की कडू याचा भरवसा नसताना त्यांनी कडूच गृहीत धरलं. त्यांच्या अंगातलं डोपामिन आणि सेरोटोनिनही उतरलं होतं. माणूस असा वागला तर आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘धसका घेतलाय.’

2022 साली लंडनमध्ये बंबलबी या केसाळ माश्यांपुढे 55 अंशांपर्यंत तापवलेली खाद्यपात्रं ठेवली. गार पात्रातही तितकंच गोड पाणी असेल, तर त्या गरम पात्र टाळायच्या. गरम पात्रातलं पाणी बरंच जास्त गोड असेल, तर चटका सोसायच्या. नुसतं चटका बसला की उडाली, इतकं हे सरळ नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. मंड्यम श्रीनिवासन यांच्या गटानं 2017 साली जखमी मधमाश्यांना मॉर्फिन घातलेलं साखरपाणी आणि साधं साखरपाणी असे दोन्ही पर्याय दिले. वेदना होत असतील तर त्या मॉर्फिनकडे वळतील, ही अपेक्षा. त्या वळल्या नाहीत. प्राण्यांच्या जाणिवेविषयीच्या एप्रिल 2024 च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यातही शास्त्रज्ञांनी कीटकांना जाणीव असण्याची ‘वास्तव शक्यता’ आहे, एवढंच म्हटलं. मला तेवढं पुरेसं वाटतं. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर माणूस सोडून कोणताही सजीव म्हणजे ‘प्राणी’ अशी व्याख्या आहे. कागदोपत्री मधमाशी त्यात कधीच बसली!

मग मध खायचाच नाही का? तो ज्याचा त्याचा प्रश्न. मला मध कसा काढला, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आग्या मोहोळाला रात्री चूड लावून पोळं पिळलं, तर माश्या होरपळतात आणि अळ्या चिरडतात. सातेरी या पेटीत पाळता येणाऱ्या माशीची चौकट मधयंत्रात फिरवली, तर मध निघतो, पोळं शाबूत राहतं. हलक्या धुरानं माश्यांचा धोक्याचा वास झाकला जातो, त्यामुळे त्या कमी चवताळतात. आणि पावसाळ्याचं काय? महाबळेश्वरच्या झडीत माशीला धड बाहेरही पडता येत नाही, तेव्हा पेटीतला साठाच तिचा आधार. तो सगळा काढून घेतला तर पाळणाऱ्याला साखरेचा पाक द्यावा लागतो. तोही वेळेवर दिला नाही, तर उपाशी सातेरी पेटी सोडून निघून जाते.