कोबाल्टचा ७ हा आकडा आला कुठून?

खुब्याचं रिसरफेसिंग झालेल्यांना डॉक्टर कोबाल्ट-क्रोमियमची रक्ततपासणी सांगतात. रिपोर्टवर लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वरचा आकडा दिसला, की घरच्यांचं धाबं दणाणतं.

१९९७ साली बर्मिंगहॅमच्या डेरेक मॅकमिन यांनी आपल्या बनावटीचं रिसरफेसिंग सुरू केलं. मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकायचा नाही, त्यावर धातूची टोपी बसवायची आणि वाटीही धातूचीच. हाड वाचतं, म्हणून ते तरुण पेशंटसाठी आकर्षक ठरलं. पण धातूवर धातू घासला की कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटतात, त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, रक्तात उतरतात.

पुढे डिप्यू कंपनीचं एएसआर हे धातूवर धातूच्या सांध्याचं मॉडेल आलं. त्याची वाटी उथळ होती, त्यामुळे ती जरा तिरकी बसली तरी भार कडेवर येऊन झीज वाढायची. लहान मापांत, म्हणजे बहुतेक बायकांमध्ये, त्रास जास्त. ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, हे आधी दिसलं. एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने धातू-धातू सांध्यांसाठी ७ ची रेषा आखली आणि ऑगस्टमध्ये एएसआर जगभरातून मागे घेतलं गेलं. २०१५ साली मॅकमिन यांच्या बर्मिंगहॅम सांध्याचा बायकांसाठीचा वापरही कंपनीने थांबवला.

७ म्हणजे विषबाधा नव्हे. आकडा त्यावर गेला, तर तपासणी पुन्हा करा, स्कॅन करून आजूबाजूचं मांस बिघडतंय का पाहा, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही खुबे धातूचे असतील तर आकडा जास्त येतो. हे आयन लघवीतून जातात, म्हणून मूत्रपिंड दुबळं असेल तरी तो चढतो. उलट आकडा कमी, पण जांघेत दुखतंय किंवा सूज आहे, तर गप्प बसू नये.

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. केंद्र सरकारने नेमलेल्या डॉ. अरुण अगरवाल समितीने २०१८ च्या अहवालात किमान २० लाख भरपाई सुचवली, पण बहुतेक पेशंटचा पत्ताच लागला नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईत ऑपरेशन करून घेतलेला माणूस नंतर घोडबंदर रोडला राहायला येतो, फोन नंबर बदलतो, हॉस्पिटलच्या कागदावर मात्र जुनाच पत्ता राहतो. ठाण्यात असे कितीतरी जण असतील. ऑपरेशनच्या फायलीत कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेले स्टिकर चिकटवलेले असतात. ते पान सापडत नसेल, तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून प्रत मागा आणि नवा पत्ताही तिथेच नोंदवा.