मालगाडीच्या इंजिनाची चाके लहान का?

ब्रिटनमधील वाफेच्या इंजिनांचे कौतुक बहुधा वेगवान प्रवासी इंजिनांच्या वाट्याला आले. पण कोळसा, लोखंड आणि धान्य वाहून तो देश चालता ठेवला तो ठेंगण्या, लहान चाकांच्या इंजिनांनी, आणि त्यांच्या रचनेमागचे गणित मला वेगाच्या विक्रमांपेक्षा अधिक वेधक वाटते.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा ५७०० वर्ग हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९२९ ते १९५० या काळात या वर्गाची ८६३ इंजिने तयार झाली. त्याला सहाच चाके, आणि ती सहाही दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना, घोड्याच्या पाठीवर टाकलेल्या पडशीसारख्या लटकवलेल्या असत. टाक्यांच्या खालची जागा मोकळी राहत असल्याने तेल घालणाऱ्याचा हात दोन चाकांच्या मध्ये बसवलेल्या यंत्रणेपर्यंत सहज पोहोचे.

या इंजिनाच्या चाकाचा व्यास ४ फूट साडेसात इंच होता. सिलिंडरमधला दट्ट्या एकदा पुढे जाऊन मागे आला की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. चाक मोठे असेल तर त्या एका फेऱ्यात इंजिन अधिक अंतर कापते, मात्र दट्ट्याने केलेले तेवढेच काम अधिक लांबीवर विभागले जाते आणि ओढ कमी पडते. ५७०० वर्गाची ओढ दर चौरस इंचाला २०० पौंड दाबाच्या वाफेवर सुमारे २२,५०० पौंड होती. सिलिंडर आणि दाब तेच ठेवून त्याला त्याच रेल्वेच्या ‘कॅसल’ या प्रवासी इंजिनाची ६ फूट साडेआठ इंचांची चाके लावली असती, तर ही ओढ साडेपंधरा हजार पौंडांवर आली असती. लहान चाकाला याची किंमत वेगात मोजावी लागते, कारण तेवढ्याच वेगासाठी त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि दट्ट्यांची धावपळ वाढते. परंतु यार्डात वाघिणी इकडून तिकडे ढकलणाऱ्या इंजिनाला वेगाचे प्रयोजनच नसते.

ओढ नुसती निर्माण होऊन भागत नाही, ती रुळावर टिकावी लागते. कोरड्या रुळावर पोलादी चाक त्यावरील भाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका जोर न घसरता पेलू शकते. रूळ ओले किंवा तेलकट असले की ही मर्यादा बरीच खाली येते आणि चाकांपुढे वाळू सोडावी लागते. ५७०० वर्गाचे वजन सुमारे ४८ टन, आणि ते सगळे ओढणाऱ्या चाकांवरच. त्याची ओढ या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या किंचित वर होती, म्हणजे आखणाऱ्याने घसरण्याच्या सीमेच्या अलीकडे पुरेसे अंतर राखले होते. टाक्यांतील १,२०० गॅलन पाण्याचे वजनही पकडीच्या उपयोगी पडे, जरी पाणी संपत जाईल तशी पकड थोडी कमी होत जाई.

ब्रिटिश मालगाड्यांची आणखी एक अडचण होती. बहुसंख्य वाघिणींना इंजिनातून चालवता येणारे ब्रेकच नसत आणि त्या तीन कड्यांच्या सैल साखळीने जोडलेल्या असत. या सैलपणाचा निघताना फायदा होई, कारण साखळ्या एकामागून एक ताणल्या जात आणि इंजिनाला साऱ्या वाघिणी एकदम हलवाव्या लागत नसत. थांबताना मात्र सगळा भार इंजिनाच्या आणि शेवटच्या डब्यातील गार्डच्या ब्रेकवर येई. उतारावर अशी गाडी आवरणे हे ती ओढण्याइतकेच कसबाचे काम होते.

चढावर मागून रेटा देणारी इंजिनेही याच कुळातली. वूस्टरशरमधील लिकी चढ सुमारे ३८ फुटांत एक फूट चढतो. १८६३ मध्ये खुला झालेला आपला बोरघाटही जवळपास तितकाच तीव्र आहे, त्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे रेटा देणारे इंजिन, लागताना पाहिलेल्या वाचकाला लिकीचे चित्र परके वाटणार नाही. लिकीवर १९१९ पासून १९५६ पर्यंत दहा जोडचाकांचे एक खास इंजिन गाड्या वर रेटत होते.

मोठ्या मालगाड्यांसाठी ब्रिटिश रेल्वेने १९५४ पासून ९एफ वर्गाची २५१ इंजिने बांधली. त्यांची दहा जोडचाके ५ फुटांची होती. एवढ्या लांब इंजिनाला वळणावर अडकू न देण्यासाठी मधल्या जोडीच्या चाकांना रुळाच्या आत उतरणारी कडच ठेवली नव्हती. जास्त चाके घेण्याचे कारणही पकडच होते: भार दहा चाकांवर वाटला गेल्याने एकेका आसाखालच्या रुळाला न दुखवता एकूण वजन वाढवता आले.

शंटिंगच्या इंजिनांत मात्र फारसे बदलण्यासारखे उरलेच नव्हते. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १८९८ मध्ये आखलेले सहाचाकी टाकी-इंजिन पुढे जे७२ या नावाने ओळखले गेले, आणि राष्ट्रीयीकरणानंतर १९४९ ते १९५१ मध्ये त्याच आराखड्याची आणखी २८ इंजिने जवळजवळ जशीच्या तशी बांधली गेली. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेचा नियमित वापर ऑगस्ट १९६८ मध्ये थांबला. ५७०० वर्गातील जी १३ इंजिने लंडन ट्रान्सपोर्टने विकत घेतली होती, त्यांतील शेवटची त्यानंतरही १९७१ पर्यंत रूळदुरुस्तीच्या गाड्या ओढत राहिली.