मानेतलं इंजेक्शन: नेमकं कुठलं?

अजनी चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या ताईच्या गाडीला मागून धडक बसली, त्याला आता आठ महिने झाले. एक्स-रे साफ, एमआरआय साफ, तरी मान वळवताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. नागपुरातल्या एका डॉक्टरांनी लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल झाल्याचं सांगून डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची, इंजेक्शनं सुचवली, दुसऱ्यांनी स्टेरॉइड, तिसऱ्यांनी दुखण्याची संवेदना नेणारी नस (मज्जातंतू) जाळायची. तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे.

फोटोत काही दिसत नाही म्हणजे दुखणं खोटं, हा संशय रेल्वेइतका जुना. १८६६ मध्ये लंडनचे सर्जन जॉन एरिकसन यांनी रेल्वे अपघातातून वरवर धडधाकट सुटलेल्या, पण पुढे पाठ-मानेने हैराण झालेल्या प्रवाशांबद्दल व्याख्यानं छापली. पुढच्याच वर्षी नागपूरला रेल्वे आली. तिकडे अशा प्रवाशांवर भरपाईसाठी सोंग केल्याचा आरोप होत राहिला. मानेला बसलेल्या अशा हिसक्यासाठी 'व्हिपलॅश' (चाबकाचा फटका) हा शब्द अमेरिकेतल्या हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये वापरला. त्यांना फक्त मानेच्या हिसक्याचं वर्णन करायचं होतं. ते आजाराचं नाव होऊन बसलं, याची त्यांना पुढे खंत वाटली.

इजा होते कशी, हे उमगायला बराच काळ गेला. १९९७ मध्ये येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मागून धक्का बसताच मान आधी इंग्रजी 'एस'सारखी वाकते: खालचे मणके मागे, वरचे पुढे. हे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतं. मणक्यांमागचे छोटे सांधे आणि त्यांचे लिगामेंट त्यात ताणले जातात.

डेक्स्ट्रोजच्या उपचाराचं, म्हणजे प्रोलोथेरपीचं, मूळ हर्नियात आहे. १९३०च्या दशकात हर्नियाभोवती दाहक औषध टोचून तिथली ऊती घट्ट करत. ओहायोचे सर्जन जॉर्ज हॅकेट यांनी तोच विचार सैल लिगामेंटला लावला, सशांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) टोचल्यावर जाड झाल्याचं दाखवलं आणि १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं. मुद्दाम दाह निर्माण करायचा, म्हणजे शरीर दुरुस्तीला लागेल. आपल्याकडे लचक भरली की बिबा घालत, डाग देत. त्यामागची समजूत मला फार वेगळी वाटत नाही.

कल्पना पटण्यासारखी आहे, पुरावा मात्र अडखळतो. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या ११० रुग्णांपैकी काहींना डेक्स्ट्रोज, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. दोन्ही गटांना आराम पडला, फरक दिसला नाही. ही चाचणी कंबरेची होती. पण तिच्यानंतर मानेबद्दल छातीठोक हमी देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

स्टेरॉइडची गत आणखी वाईट. १९९४च्या चाचणीत ४१ रुग्णांच्या मानेच्या सांध्यांत औषध सोडलं. निम्मं दुखणं परतायला स्टेरॉइडच्या गटात मध्यक (म्हणजे अर्ध्या रुग्णांना त्याहून कमी, अर्ध्यांना जास्त) ३ दिवस लागले, नुसत्या भुलीच्या औषधाच्या गटात साडेतीन. १९९६ मध्ये मात्र सांध्याची संवेदना नेणारी बारीक नस उष्णतेने जाळून पाहिली. रुग्ण २४च, पण निम्मं दुखणं परतायला मध्यक २६३ दिवस लागले. नस न जाळता केलेल्या खोट्या उपचारात ८. नस पुन्हा वाढते, दुखणंही परतू शकतं. शिवाय आधी भुलीचं इंजेक्शन देऊन नेमका सांधा शोधावा लागतो.

मानेत मेंदूकडे जाणारी धमनी मणक्यांमधूनच जाते आणि मज्जारज्जू सुईपासून फार लांब नसतो. म्हणून ताईने तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला: सुई कशात बघून टोचणार, एक्स-रेत की सोनोग्राफीत? एका ठिकाणी उत्तर मिळालं, 'हाताला अंदाज आहे.' तिथे ती परत गेली नाही.