एअरपोर्ट हॉटेल की ट्रान्झिट हॉटेल? आधी बॅग कुठे जातेय ते बघा

आमचे मामा-मामी इंदूरहून मेलबर्नला लेकीकडे निघाले तेव्हाची गोष्ट. इंदूर-दिल्लीचं तिकीट वेगळं, दिल्ली-सिंगापूर-मेलबर्नचं वेगळं, दिल्लीत रात्री उतरायचं आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. मामांनी मोबाइलवर शोधून "टर्मिनलच्या आतच" असलेलं हॉटेल बुक केलं आणि सुदामानगरात सगळ्यांना सांगून झालं की टॅक्सी नको काही नको, उतरलं की झोपलं. प्रत्यक्षात काय झालं, तर ते हॉटेल होतं इमिग्रेशनच्या (पासपोर्टवर शिक्का मारतात त्या काउंटरच्या) पलीकडे, आणि हे दोघं चार बॅगा घेऊन अलीकडे. रात्रभर खुर्चीवर बसून सेव-परमल खाल्लं, पैसे परत नाहीच मिळाले.

गंमत म्हणजे यात हॉटेलची काहीच चूक नव्हती. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. ट्रान्झिट हॉटेल म्हणजे सिक्युरिटी-इमिग्रेशन झाल्यावर जो भाग लागतो, ड्यूटी-फ्री वगैरे, त्या भागातलं हॉटेल, तिथे पोचायला हातात पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास लागतो. एअरपोर्ट हॉटेल म्हणजे बाहेरचं, मग ते टर्मिनलला चिकटून असो नाहीतर दिल्लीच्या एरोसिटीसारखं एक मेट्रो स्टेशन लांब असो, तिथे कोणीही जाऊ शकतं. लोक किलोमीटर बघून बुक करतात अन् तिथेच फसतात, कारण पन्नास पावलांवरचं हॉटेल मध्ये इमिग्रेशनचा काउंटर असला तर तुमच्यासाठी नसल्यासारखंच.

मग ठरवायचं कसं? बॅगेवरून. तिकीट एकच असेल, म्हणजे एकाच पीएनआरवर, तर बहुतेक वेळा इंदूरलाच बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग लागतो (टॅगवरची तीन अक्षरं, म्हणजे त्या शहराच्या एअरपोर्टचा कोड, तिथेच वाचा, लाजायचं नाही, काउंटरवाल्याला परत विचारा). बॅग पुढे गेली आणि बोर्डिंग पास हातात असला तर आतलं हॉटेल जमू शकतं. तिकिटं वेगळी असतील तर बॅग दिल्लीत पट्ट्यावर येणार, ती घेऊन तुम्ही बाहेर येणार, आणि इंटरनॅशनल चेक-इनचे काउंटर तर साधारण तीन-चार तास आधी उघडतात, म्हणजे रात्री दहाला तुम्ही सकाळच्या विमानाची बॅग देऊच शकत नाही. अशा वेळी बाहेरचंच हॉटेल, दुसरा विचार नको. परदेशातून येताना तर भारतात ज्या एअरपोर्टवर पहिल्यांदा उतरलात तिथे सहसा बॅग घेऊन कस्टममधून बाहेर यावं लागतं, पुढे इंदूरची फ्लाइट एकाच तिकिटावर असली तरी.

परदेशात मधल्या मुक्कामाला अजून एक भानगड, व्हिसा. सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टला टर्मिनल १ मध्ये ट्रान्झिट भागात हॉटेल आहे, तिथे झोपायला सिंगापूरचा व्हिसा लागत नाही कारण तुम्ही त्यांच्या देशात शिरलेलेच नसता. पण तो रीलमध्ये दिसणारा ४० मीटरचा घरातला धबधबा आहे ना, एअरपोर्टला जोडलेल्या ज्युएल मॉलमधला, तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून तिथलं हॉटेलही बाहेरचंच धरायचं, आणि आपल्या पासपोर्टला बाहेर पडायला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर व्हिसाशिवाय ९६ तास बाहेर राहायची सवलत आहे, पण अटी नीट वाचून. दुबई, दोहालाही टर्मिनलच्या आत हॉटेलं आहेत.

पैशाचं गणितही वेगळं. आतली हॉटेलं बरेचदा तासांवर मिळतात, सहा तास वगैरे. बाहेरच्या हॉटेलात रात्र मोजतात, आणि इथे तारखेचा घोळ हमखास होतो. विमान १५ तारखेला रात्री दीडला उतरतंय तर रूम १४ तारखेची घ्यायची!! १५ ची घेतलीत तर चेक-इन दुपारी दोनला, तोवर लॉबीत जांभया द्या.

आणि हो, लांबचा थांबा एअरलाइनच्याच वेळापत्रकामुळे असेल तर काही कंपन्या स्वतः हॉटेल देतात, तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या, नंतर सहसा मिळत नाही. फ्लाइट लेट झाल्यावर मिळतं ते हॉटेल वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

परत येताना मामीने बुकिंग मामांच्या हातात दिलंच नाही. स्वतः एरोसिटीत फोन लावला आणि पहिला प्रश्न, "भैया, हे शिक्का मारायच्या अगोदर आहे का नंतर?" पलीकडच्या पोराला काही कळलं नाही, पण रूम बरोबर मिळाली, बरोबर तारखेची.