मुंबई-गोवा हायवे वेगळा, सागरी महामार्ग वेगळा

डिसेंबर लागला की मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "यंदा कोकण करतोय रे, गाडीनेच, समुद्राच्या कडेकडेने थेट मालवणपर्यंत." मी विचारतो कुठल्या रस्त्याने? "कुठल्या म्हणजे काय, मुंबई-गोवा हायवे!" झालं. मागच्या वर्षी आमच्या मामेभावाने पण हेच केलं, बायकोमुलांना घेऊन पनवेलला हायवेला लागला आणि चिपळूणच्या पुढे पोचल्यावर मला फोन, "दादा, समुद्र कधी लागतो?" आता काय सांगणार, म्हटलं तू लागलायस त्या रस्त्याने लागतच नाही.

तर एकदाच लिहून ठेवतो. पनवेलपासून पार गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्यापर्यंत मुंबई-गोवा हायवेवरून समुद्र दिसत नाही. सावित्री दिसेल, वाशिष्ठी दिसेल, शास्त्री नदी दिसेल, पाऊस झालेला असला तर डोंगरावरून पडणारे झरे दिसतील, पण लाटा नाही. हायवे तुम्हाला माहितीये, गणपतीला गावी जाताना त्यावर दहा-बारा तास काढलेले असतात, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली, कुडाळ. वडापाव, कोकम सरबत, रस्त्याचं रखडलेलं काम. एवढंच.

सागरी महामार्ग म्हणजे रेवस ते रेडी. रेवस अलिबागच्या वर, रेडी पार खाली वेंगुर्ल्याच्या पुढे गोव्याच्या हद्दीला टेकून. मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, तुमच्या डोक्यात "कोकण" म्हटल्यावर जी जी गावं येतात ती सगळी या रस्त्यावर, हायवेवर त्यातलं एकही नाही. नावात महामार्ग आहे म्हणून चार पदरी काहीतरी असेल असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी समोरून एसटी आली की तुम्हाला चाक मातीत उतरवावं लागतं. आणि हल्ली अजून एक गोंधळ, "कोस्टल रोड" म्हटलं की लोकांना मरीन ड्राइव्ह ते वरळीवालाच आठवतो, तो मुंबईतला, त्याचा इथे काही संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं हे दोन रस्ते शेजारी शेजारी जाणारे आहेत, एक जरा आतून एक जरा बाहेरून, म्हणजे वेळेत फार तर तासा-दोन तासाचा फरक. इथेच सगळं नियोजन फसतं. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला येतात आणि समुद्राला मिळताना रुंद खाड्या होतात. हायवेवाल्यांनी शहाणपणा केला, नदी जिथे अरुंद आहे तिथे आत जाऊन ती ओलांडली, म्हणूनच हायवे समुद्रापासून लांब राहिला. चिपळूण ते गुहागर 40-45 किलोमीटर, कणकवली ते मालवणही साधारण तेवढंच, हातखंब्याहून रत्नागिरी मात्र जवळ आहे, बारा-तेरा. सागरी रस्त्याला मात्र खाडी अगदी तोंडाशी भेटते. बऱ्याच खाड्यांवर आता पूल आहेत, पण जिथे नाहीत तिथे दोनच पर्याय, फेरीबोटीत गाडी घाला नाहीतर उलटे आत जाऊन हायवेला लागा आणि पुन्हा बाहेर या.

दाभोळचं उदाहरण घ्या. दाभोळच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, बोटीने पंधरा-वीस मिनिटांत गाडीसकट पलीकडे. बोट नसेल तर? दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर, म्हणजे शंभरावर किलोमीटरचा वळसा, तोही निम्मा घाटवळणांचा. हीच कथा बाणकोटच्या खाडीवर वेश्वी-बागमांडल्याला, जयगड-तवसाळला, दिघी-आगरदांड्याला. चार खाड्या, चार बोटी. या बोटी गृहीत धरून आखलेली ट्रिप आणि न धरता आखलेली ट्रिप यात अख्ख्या दिवसाचा फरक पडतो, आणि लोक हॉटेलचं बुकिंग करून मोकळे होतात, मग विचारतात बोट कधी असते. मी स्वतः एका जेट्टीवर (नाव सांगत नाही) संध्याकाळी शेवटची बोट दहा मिनिटांनी चुकवलीय, पलीकडच्या गावातले दिवे दिसतायत, जेवण सांगून ठेवलंय आणि आम्ही अंधारात साडेतीन तास वळसा मारून पोचलो तेव्हा सोलकढी संपलेली. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी जेट्टीवर फोन करून वेळ विचारायची, सुट्टीच्या दिवशी रांगेसाठी तासभर जास्तीचा धरायचा, आणि शेवटच्या बोटीवर कधीही विसंबायचं नाही. पूल होणार होणार हे मी पण ऐकतोय. झाले की बघू.

मॅपवरही भरवसा नको. मुंबई ते मालवण टाकलं की तो तुम्हाला हायवेनेच नेणार, आणि त्याची चूक नाही, त्याला लवकर पोचवायचंय. सागरी रस्त्याने जायचं तर एकेक गाव मध्ये टाकावं लागतं आणि सेटिंगमध्ये "फेरी टाळा" चालू नाही ना ते बघावं लागतं. किलोमीटरवर जाऊ नका, तासाला पंचवीस-तीस धरा. दिवसाला 120 किलोमीटरपेक्षा जास्त आखलं असेल तर तुम्ही समुद्र बघायला नाही, गाडी चालवायला निघालायत.

बरं हा गैरसमज येतो कुठून? मला वाटतं रील्समधून. हायवेचा नंबर 66 (पूर्वीचा 17) आणि हाच 66 पनवेलहून निघून थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. खाली कर्नाटकात कुंदापूरजवळ मरवंथे म्हणून गाव आहे, तिथे हायवेच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, खरंच अफाट आहे ते. कुणीतरी "एनएच 66" लिहून त्याचा व्हिडिओ टाकतो आणि आपल्याकडचा माणूस इथे रायगडात वाकण फाट्यावर समुद्र शोधत बसतो.

डोंगराचंही थोडं असंच. हायवेवर कशेडी, परशुराम असे घाट आहेत, पण कशेडीला आता बोगदा झाला, दोन मिनिटांत पार. सह्याद्री बघायचा तर हायवेला आडवे येणारे रस्ते धरा, म्हणजे देशावरून उतरणारे घाट. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा, फोंडा, आंबोली. वरंध पावसाळ्यात बंद ठेवतात, तेवढं बघून जा. समुद्र आणि डोंगर दोन्ही हवेत तर एका घाटाने उतरायचं, किनाऱ्याने चालायचं, दुसऱ्या घाटाने चढायचं. हायवे मध्ये फक्त ओलांडण्यापुरता.

आणि इथे माझा एक हट्ट आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे या. सगळे उलटं करतात. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे खाली जाताना समुद्र उजवीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. वर येताना तो डाव्या हाताला, शेजारी बसलेल्याच्या खिडकीत, वाटेल तिथे गाडी बाजूला घ्या. शिवाय थंडीत दुपारचं ऊन पाठीवर राहतं, डोळ्यात येत नाही.

पुण्याहून माझा क्रम असा. पहाटे पाचला निघून कोल्हापूर, गगनबावडा, मग करूळ किंवा भुईबावडा जो चालू असेल तो घाट, संध्याकाळी मालवण. दुसऱ्या दिवशी आचरा, कुणकेश्वर, देवगड, मुक्काम विजयदुर्ग. विजयदुर्गहून पलीकडचा किनारा दिसतो, पण तिथे गाडीची बोट नाही, वाघोटणकडे आत येऊन पुलावरून जायचं, मग जैतापूर, कशेळीचं कनकादित्य मंदिर, पूर्णगड, पावस, रत्नागिरी. चौथ्या दिवशी आरे-वारे, जयगडची बोट, हेदवी, गुहागर. पाचव्या दिवशी दाभोळ करून हर्णै, संध्याकाळी मासळीचा लिलाव, मुक्काम आंजर्ले. सहाव्या दिवशी केळशी, वेळास, वेश्वीची बोट, हरिहरेश्वर, श्रीवर्धन.

श्रीवर्धन ते दिवेआगर शेखाडीवरून जाणारा जो तुकडा आहे ना, तो माझ्या मते अख्ख्या रस्त्यातला सगळ्यात भारी. आरे-वारेला लोक उगाच डोक्यावर घेतात, तिथे आता फोटोवाल्यांच्या गाड्या उभ्या करायला जागा नसते. शेखाडीला पाणी खिडकीला लागून आणि चहाची टपरीसुद्धा मुश्किलीने.

बाकी फरक किरकोळ. पेट्रोल मोठ्या गावात भरून घ्या, आतल्या रस्त्याला पंप लांब लांब. रोख पैसे ठेवा, नेटवर्क जातं. जेवण घरगुती खानावळीत, पण तासभर आधी सांगावं लागतं, गेल्या गेल्या पापलेट मागितलं तर मिळणार नाही. आणि वाळूत गाडी घालू नका हो! दर सीझनला कुणाची तरी भरतीत अडकते आणि मग गावातल्या लोकांनी ट्रॅक्टर आणून ओढायची.

परतीला दिवेआगरहून दुपारी तीनच्या आत निघालात तर माणगाव-ताम्हिणी उजेडात होतो. उशीर झाला असेल तर सरळ तिथेच राहा आणि सकाळी चढा.