प्रथम खबर (बेळगाव सीमाभाग)

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) पोलीस ठाण्यात सर्वांत आधी पोहोचलेली व तेथे लेखी उतरवून घेतलेली माहिती. महाराष्ट्रात ‘प्रथम खबर अहवाल’, कर्नाटकात ‘प्रथम वर्तमान वरदी’. बोलण्यात सीमेच्या दोन्ही बाजूंना ‘एफआयआर’.

संज्ञा : ‘खबर’ अरबी, ‘फिर्याद’ फारसी, ‘फिर्यादी’ व ‘पंचनामे’ कन्नड दप्तरातही रुळले आहेत. ‘वर्दी’ची गोष्ट निराळी. मराठीत वर्दी देणे म्हणजे कळविणे, ते बहुधा तोंडी; कन्नडात ‘वरदी’ म्हणजे अहवाल, तो कागदावरचा. खानापूर, निपाणीच्या ठाण्यांत हे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर भेटतात.

उगम : १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३९ हा सामान्यतः आरंभ मानला जातो. १८९८ व १९७३ च्या संहितांत तेच कलम १५४ म्हणून आले. ‘प्रथम खबर अहवाल’ हे शब्द कलम १५४ मध्ये नाहीत. १९७३ च्या संहितेत ते कलम २०७ मध्ये, आरोपीला द्यावयाच्या प्रतींच्या संदर्भात येतात. उगम बंगालच्या दारोगा पद्धतीपर्यंत (ठाण्यावर नेमलेल्या दारोगाच्या पोलीस व्यवस्थेपर्यंत) मागे नेता येईल, पण मुंबई इलाख्यातील बेळगावला ते फारसे लागू पडत नाही. इथे गुन्ह्याची वर्दी गावच्या पाटलाकडून जाई आणि १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने त्या रिवाजाला कायद्याचे रूप दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक. १९५६ च्या पुनर्रचनेत चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला, उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे कर्नाटकात १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामाधिकार संपले. चंदगडच्या बाजूला १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यानुसार पोलीस पाटील आहेच.

भाषा : खबर तोंडी असेल तर ती लिहून फिर्यादीला वाचून दाखवावी लागते, मग त्याची सही. फिर्यादी मराठीत सांगतो, लेखन बहुधा कन्नडात होते, म्हणून वाचून दाखविणे म्हणजे येथे उलट भाषांतरच. ‘चुलत भाऊ’ हा साधा शब्द घ्या : कन्नडात ‘दोड्डप्पन मग’ (थोरल्या चुलत्याचा मुलगा) की ‘चिक्कप्पन मग’ (धाकट्याचा), हे लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. प्रथम खबर हा स्वतंत्र पुरावा नव्हे. पण साक्षीतली विसंगती दाखवायला बचावपक्ष तिचाच आधार घेतो, त्यामुळे असा शब्द उलटतपासणीत पुन्हा वर येतो.

हद्द : सीमेवरच्या शिनोळी किंवा कोगनोळी या गावांजवळचा गुन्हा कोणाच्या हद्दीत, हा जुना वाद. हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी खबर नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायला हवी होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये पुनाती रामुलू प्रकरणात म्हटले. त्याच न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने (१२ नोव्हेंबर २०१३) दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची केली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ‘शून्य’ क्रमांकाच्या नोंदीला (गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, आधी करायच्या नोंदीला) कायद्याचा आधार मिळाला. ई-माध्यमातून दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. फिर्यादीला प्रत विनामूल्य.

संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची नोंद यात येत नाही. ती महाराष्ट्रात ‘अकस्मात मृत्यू’, कर्नाटकात ‘यूडीआर’ (अनैसर्गिक मृत्यूचा अहवाल) म्हणून वेगळ्या क्रमांकाने होते.